'सोड रे, घे'

अग्निशमन दलातल्या दारूवर बाहेरच्या कुणी बोट ठेवलं की मी भडकायचो. जळक्या खोलीतून लेकरू उचलून आणा, मग आम्हाला शिकवा, हे माझं ठरलेलं उत्तर. मोठी वर्दी, म्हणजे आगीचा किंवा दुर्घटनेचा कॉल, झाली की ड्युटी सुटल्यावर बैठक व्हायची. अग्निशमन केंद्राचा अधिकारी म्हणून पहिल्या बाटलीचे पैसे बहुतेक वेळा मीच द्यायचो. पोरं मोकळी होतात, असं मनापासून मानायचो. न पिणारा एक तांडेल, म्हणजे जवानांचा म्होरक्या, होता, त्याला आम्ही 'महाराज' म्हणायचो. जो आपल्यात बसत नाही तो धुरात आपला हात धरेल का, असं मी चारचौघांत बोललो होतो. धुरात तो नेहमी माझ्या पुढे असायचा, तरीही.

या समजुतीला धक्का दिला तो एका जवानाच्या बायकोने. त्याचं पिणं बैठकीपुरतं उरलं नव्हतं, हे मला दिसत होतं. ती केंद्रावर आली तेव्हा वाटलं, तक्रार असेल, नाहीतर पगाराची उचल. मी समजुतीचे चार शब्द तयार ठेवले.

ती म्हणाली, "साहेब, घरी ते काही बोलत नाहीत. झोपेत ओरडतात. तुमच्यात बसतात तेव्हा बोलत असतील ना? त्या पडलेल्या बिल्डिंगीत त्यांनी काय बघितलं, तेवढं सांगा. कळलं तर मी सांभाळीन."

मला काही सांगताच येईना. तो त्या दिवशी ढिगाऱ्याच्या फटीत बराच वेळ एकटा होता, मी बाहेर. त्यानंतर कितीतरी बैठकांना आम्ही मांडीला मांडी लावून बसलो होतो. तो सोडा घेत नाही, पाणीच घेतो, हे मला माहीत होतं. तिसऱ्या पेगला कुठलं गाणं म्हणतो, तेही. फटीत त्याने काय पाहिलं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. इतर कुणीही नाही. तिच्यासमोर उभ्या उभ्या एकेक रात्र आठवत गेली. वर्दीचा विषय निघतोय असं वाटलं की कुणीतरी पटकन त्याचा ग्लास भरायचं. "सोड रे, घे." तो हात बऱ्याचदा माझाच असायचा. ज्याला मी मोकळं होणं म्हणत होतो, ती तोंड बंद ठेवण्याची व्यवस्था होती आणि तिचा खर्च मी उचलत होतो.

"विचारून सांगतो," म्हणालो. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही नाही माहीत."

नंतर एका डॉक्टर मित्राने हिशोब मांडून दाखवला. व्हिस्कीच्या 30 मिलीत साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे क्वार्टरमध्ये 60. यकृत तासाला 7 ते 10 ग्रॅमच निकालात काढतं. रात्री उशिरा संपलेली क्वार्टर सकाळी सातच्या हजेरीलाही थोडीफार रक्तात असू शकते, आणि त्याच माणसाला आम्ही बंबावर चढवतो. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटते; भयानक आठवणी मनात निवतात ती स्वप्नांची झोपच दारू खाते. हे ऐकताना मला बीए सेटची, म्हणजे धुरात पाठीवर घ्यायच्या श्वसनयंत्राची, हवा संपत आल्याची शिटी आठवली. आदल्या रात्री प्यायलेल्या जवानाला धाप लवकर लागते, सिलिंडरमधली हवा भराभर संपते आणि शिटी इतरांआधी वाजते. आमच्या त्या जवानाची शिटी मी ऐकली होती. "म्हातारा झालास," म्हणून हसलोही होतो.

दर 14 एप्रिलला आम्ही 1944च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या 66 अग्निशामकांना सलामी देतो. दलात दारूने गेलेलेही मला आठवतात. त्यांच्या कागदावर 'आजारपण' लिहिलेलं असतं. त्यातल्या काहींच्या ग्लासात मीही ओतलेली आहे.

त्या जवानाला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. जाण्याआधी, होज धुताना, महाराज त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि मी पलीकडे. पहिल्या दिवशी तो काहीच बोलला नाही, दुसऱ्या दिवशी बोलला. काय, ते त्याचं आहे. इथे लिहीत नाही.

मी पैसे देणं बंद केलं. बैठका थांबल्या नाहीत, फक्त मला बोलावणं थांबलं. माझीही दारू सुटली. पण त्या इमारतीबाहेर उभं राहून मी काय पाहिलं, ते घरी अजून सांगितलेलं नाही. बायकोने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी चहा टाकायला उठलो.