शेपूट

पिशवी मुलाने माझ्या खांद्यावरून काढून घेतली ती तीनशेव्या पायरीच्या आसपास. आकडा नक्की सांगता येत नाही, कारण दोनशेनंतर मोजणं माझ्याच्याने झालं नाही. पिशवीत फार काही नव्हतंच. पाण्याची बाटली, एक नारळ, हळदकुंकवाची पुडी, पंचा, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. मी कठड्याला टेकून श्वास घेत होते. तो दोन पायऱ्या खाली उतरून आला, पट्टा माझ्या डोक्यावरून काढला, स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि वर गेला. तो काही बोलला नाही. मीही नाही.

त्याच वळणावर काकड्या आणि कोकम सरबत घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने मला हाताने खुणावलं. "बस गो बाय जरा. आता काय, हत्ती गेला नि शेपूट ऱ्हायलं."

तिने ते मायेने म्हटलं. दिवसाकाठी किती जणांना म्हणत असेल. पण पाचशेहून जास्त पायऱ्यांतल्या दोनशेच्या वर अजून बाकी होत्या, आणि मला वाटलं, हे कसलं शेपूट? घरी परत आल्यावर पिशवी आणि शेपूट या दोन गोष्टी मनात एकमेकींना चिकटून बसल्या आहेत, त्या सुटत नाहीत.

मार्लेश्वर आम्हा रत्नागिरीकरांना लांब नाही. देवरूख गाठायचं, तिथून मारळपर्यंत रस्ता, पुढे पायऱ्या. मुंबईहून माझे धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांच्या दोन मुली दिवाळीला आल्या होत्या, मुलगा पुण्याहून आला होता. सगळे मिळून जाऊ असं ठरलं. लग्न झाल्यावर नवराबायकोने दर्शनाला जावं तसे आम्ही त्या वर्षी गेलो होतो, तेव्हा मी या पायऱ्या गप्पा मारत चढले होते. मध्ये एकोणतीस वर्षं गेली. ती सगळी खुर्चीवर गेली असं म्हणणं खोटं होईल, घरातली कामं होतीच. पण ओट्यापाशी उभं राहणं आणि चढ चढणं यांत शरीर फार मोठा फरक करतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी घरी येऊन कागदावर हिशेब केला. पायरी सहा-साडेसहा इंचांची धरली तर पाचशे पायऱ्या म्हणजे साधारण २५ ते २७ मजले. रत्नागिरीत एवढी उंच इमारत नाही. आमच्या घराला एक जिना आहे, सोळा पायऱ्यांचा, आणि वरच्या खोलीत मी आठवड्यातून एकदा जाते.

म्हण मात्र मी सोडायला तयार नव्हते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं आपण लग्नाच्या घरी म्हणतो, कर्जाच्या शेवटच्या हप्त्याला म्हणतो, घराचं बांधकाम संपत आलं की म्हणतो. मोठं काम झालं, आता किरकोळ उरलं, असा त्याचा अर्थ. पण चित्र डोळ्यांपुढे आणलं तर ते तसं नाही. एक दार आहे. त्यातून डोकं गेलं, सोंड गेली, ते अवाढव्य पोट गेलं, चारही पाय गेले, आणि शेपूट राहिलं. ते का राहावं? जिथून अंग गेलं तिथून हातभर शेपूट जायला अडचण कसली? की अडचण दाराची नाहीच, शेपटालाच जायचं नाही?

हे कोडं फक्त आपल्यालाच पडलेलं नाही. बौद्ध कथांमध्ये कृकी नावाच्या राजाच्या स्वप्नांची गोष्ट येते. त्यातल्या एका स्वप्नात खिडकीतून हत्ती बाहेर पडतो आणि त्याचं शेपूट आत अडकून राहतं. काश्यप बुद्ध त्याचा अर्थ सांगतो तो असा, की पुढच्या काळात माणसं घर सोडून बाहेर पडतील, पण आसक्ती त्यांना मागे धरून ठेवील. चीनमधल्या झेन गुरूंनी तर हाच प्रश्न शिष्यांपुढे टाकून दिलेला आहे. तेराव्या शतकातल्या 'मुमोनकान' या संग्रहात हत्तीऐवजी रेडा आहे. शिंगं, डोकं, चारही पाय खिडकीतून गेले, शेपूट का जात नाही? त्याला उत्तर दिलेलं नाही. शिष्याने तो प्रश्न घेऊन बसायचं.

मी काही साधक नाही, मी जेवणानंतर ओटा पुसता पुसता त्यावर विचार करते. आणि पुन्हा पायऱ्यांवर येते. कारण त्या दिवशी शेपूट कुठलं होतं, हेच मला ठरवता येत नाही. चढताना वाटलं, शेवटच्या दोनशे पायऱ्या म्हणजे शेपूट. पण खरा त्रास उतरताना झाला. चढताना छाती भरून येते, थांबलं की बसते. उतरताना श्वास शांत असतो, आणि गुडघे मात्र प्रत्येक पायरीला जाब विचारतात. मांडीचा स्नायू त्या वेळी लांबत असतो आणि लांबता लांबताच सगळं वजन पेलत असतो. सवय नसलेल्या स्नायूला हे सोसत नाही, त्याचे बारीक धागे दुखावतात, आणि दुखणं त्याच दिवशी न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरतं. तसंच झालं. मारळला खाली पोचल्यावर मी सगळ्यांबरोबर चहा घेतला, बरी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी घरच्या सोळा पायऱ्या मला एका बाजूला वळून, एकेक पाय शेजारी आणत उतराव्या लागल्या. मग शेपूट ते का?

देवाचंच पाहा. मार्लेश्वराची लोक सांगतात ती कथा अशी, की देव आधी खाली गावात होता. गावात अनाचार वाढला, देवाला तिथे राहवेना, तो उठला आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या या गुहेत येऊन बसला. पुढे शिकारीला गेलेल्या आंगवलीच्या सरदाराला तो तिथे सापडला. गुहेत वाकून जावं लागतं. आत समयांचा उजेड, तेलाचा वास, पायाखाली गार ओला कातळ. कपारींमध्ये साप असतात, ते कुणाला काही करत नाहीत, असं सगळे सांगतात. बाहेर आलं की धारेश्वराचा धबधबा कड्यावरून कोसळत असतो. एवढ्या वर, माणसांपासून दूर येऊन बसलेला देव. तरी दर संक्रांतीला त्याचं गिरिजादेवीशी लग्न लागतं. आंगवलीहून त्याची पालखी निघते, साखरप्याहून नवरीची पालखी येते, देवरूखहून व्याडेश्वर येतो, मानकरी येतात, हजारो माणसं पायऱ्या चढतात. म्हणजे देव गाव सोडून गेला, पण आंगवली सुटली नाही, पालखी सुटली नाही, वर्षाचा विवाह सुटला नाही. आणि तिथे वऱ्हाड घेऊन नवरी येते. साखरप्यापासून ती पालखी खांद्यावर घेऊन चालणारी माणसं मला यंदा प्रथमच दिसली, म्हणजे प्रत्यक्ष नव्हे, मनात. इतकी वर्षं मी फक्त पालखी पाहत होते. तीनशेव्या पायरीवर ते खांदा कसा बदलत असतील? कोण कुणाला विचारत असेल, की न विचारताच दांडी दुसऱ्याच्या खांद्यावर जात असेल?

मला हे सांगायचं नव्हतं. मला आजीचं सांगायचं होतं.

माझ्या आजोळी घर वर आणि विहीर खाली. मध्ये पाखाडी. जांभ्याच्या चिऱ्यांची, मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेली. पावसात तिच्यावर शेवाळ धरायचं, ते आजी कोयत्याच्या टोकाने खरवडायची. सकाळी आणि संध्याकाळी तिच्या खेपा चालत. डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि मी तिच्याबरोबर असले तर एक हात माझ्या हातात. ती चढताना बोलत नसे. मी काही विचारलं तर उत्तर वर पोचल्यावर मिळे, आणि तोवर मी प्रश्न विसरलेली असे. दुसऱ्या वळणावर कमरेएवढा एक धोंडा होता, ओझं टेकवायचा. तिथे ती थांबे, पण ओझं टेकवत नसे. नुसता हात ठेवून उभी राहायची.

मी दर सुट्टीत कळशी मागायची. ती द्यायची नाही. "माझी मान अजून शाबूत आहे," म्हणायची. मी नऊ वर्षांची होते तेव्हा हे म्हणाली, अकराव्या वर्षी म्हणाली, बाराव्या वर्षी म्हणाली. तेराव्या वर्षी मे महिन्यात आम्ही पाखाडी चढत होतो, ती त्या धोंड्याशी थांबली, आणि या खेपेला कळशी तिने धोंड्यावर ठेवली. हंडा तसाच डोक्यावर. मग ती चालू लागली. मला घे म्हणाली नाही. मागे वळून पाहिलं नाही. मी कळशी उचलली, कमरेवर घेतली, आणि मला किती आनंद झाला होता ते मला आजही आठवतं. हिंदकळून परकर भिजला त्याचा गारवासुद्धा आठवतो. वर पोचल्यावर मी आईला ओरडून सांगितलं, मी कळशी आणली!

आजीचा चेहरा त्या वेळी कसा होता, ते मला आठवत नाही. मी पाहिलाच नसावा. पुढच्या वर्षी हंडाही दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर होता, आणि त्यानंतर विहिरीवर पंप बसला. पाखाडी आता कुणी खरवडत नाही.

इतके दिवस मी ही गोष्ट कळशी मी मिळवली म्हणून सांगत आले. मुलालाही तशीच सांगितली आहे, तो लहान असताना, कितीतरी वेळा. तिने ती ठेवली, की तिच्या हातून ती राहिली, हा प्रश्न मला यंदाच्या दिवाळीपर्यंत पडला नव्हता. तिला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तरी ती वर पोचल्यावर सांगते म्हणाली असती.

मुलगा पुण्याला परत गेला. परवा त्याचा फोन आला, "आई, पाय कसे आहेत?" बरे आहेत म्हटलं. त्याने पिशवीबद्दल काही काढलं नाही, त्याच्या लेखी काढण्यासारखं काही नसेलच. दमलेल्या आईच्या खांद्यावरचं ओझं घेतलं, एवढंच. मी त्याला चांगलं वाढवलं, असंही कुणी म्हणेल. मला त्याचा राग आलेला नाही. पण पुढच्या शंभर पायऱ्या खांद्याला काही नव्हतं आणि हात कुठे ठेवावे ते मला कळत नव्हतं, हेही खरं.

काल बाजारात जाताना तीच पिशवी खुंटीवरून काढली. ती गळ्यात तिरकी अडकवायची आहे, पट्टा एका खांद्यावर आणि पिशवी दुसऱ्या बाजूला. बाजारातून आले, काढायला गेले, आणि आरशासमोर हात थांबला. हा पट्टा आपण मान खाली घातल्याशिवाय निघत नाही. मी दोनदा करून पाहिलं. मान ताठ ठेवली तर तो कानाशी अडकतो. म्हणजे त्या वळणावर मी मान वाकवली होती. तो खाली येताना दिसला तेव्हाच वाकवली, की धाप लागल्यामुळे ती आधीच खाली होती? म्हातारी समोर बसलेली होती, तिने पाहिलं असेल.

पट्टा त्याने त्याच्या उंचीला लांब करून घेतला आहे. पिशवी आता माझ्या गुडघ्याशी येते. कडी सरकवून तो आखूड करायला एक मिनिट लागेल.