वढूची आडवाट, भीमेची होडी

दरवर्षी १ जानेवारीला आम्ही पेरणे येथील विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातो. पुणे-नगर रस्त्याने जायचे, रांगेत उभे राहायचे, पुस्तके घ्यायची आणि परतायचे. पण ज्या भीमेच्या काठी १८१८ साली आपले वीर लढले, तो काठ आम्ही पायी कधी पाहिलाच नव्हता. म्हणून गेल्या हिवाळ्यात एका रविवारी वस्तीतील पाच कुटुंबे भाकरी बांधून निघालो.

स्तंभाला वंदन केले, पूल ओलांडला आणि कोरेगाव भीमा गावातून वढू बुद्रुकची वाट धरली. दोन्ही बाजूंना उसाचे फड. मुले पुढे धावत होती. अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर, पण सोबतच्या मावशी म्हणाल्या, "आत जायला भ्या वाटतं बाबा." भीती खोटी नव्हती. गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून डिसेंबर २०१७ मध्ये वाद झाला आणि १ जानेवारी २०१८ रोजी या परिसरात हिंसाचार झाला. तेव्हापासून आमच्यापैकी कोणीही मुख्य रस्ता सोडला नव्हता.

वढूला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. १६८९ साली औरंगजेबाने महाराजांना ठार केले. त्यांचे अंत्यसंस्कार गोविंद गोपाळांनी केले, ही आठवण आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. गावात दुसरीही परंपरा सांगतात. आम्ही दोन्ही समाध्यांवर फुले वाहिली. परतताना एका आजीबाईंनी दारातून हाक मारली, "उन्हाचं आलासा, पाणी पिऊन जा." कळशी पुढे आली. जात त्यांनी विचारली नाही, आम्हीही नाही.

तेथून टेम्पोने तुळापूर गाठले. येथे भीमा, भामा आणि इंद्रायणीचा संगम आहे. होडीत बसल्यावर नावाडीकाकांनी मुलांना हत्तीची गोष्ट सांगितली. मुरार जगदेवाने हत्तीला नावेत उभे केले, नाव किती बुडाली तिथे खूण केली, मग त्या खुणेपर्यंत दगड भरून ते दगड तोलले. त्या तुलेवरून नांगरगावचे तुळापूर झाले म्हणतात. मुलांना विज्ञानाचा धडा आयताच मिळाला.

मावशींनी मात्र हळूच हात पाण्यात सोडला होता. त्या म्हणाल्या, "माझ्या आईला पाणवठ्यावर लांब उभं करायचे. वरून ओंजळीत पाणी घालायचे." होडीत सगळे गप्प झाले. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभापाशी आले होते आणि त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हे आम्ही भाषणात अनेकदा सांगितले आहे. कळले त्या दिवशी.

बंधू-भगिनींनो, १ जानेवारीला लाखोंच्या संख्येने जरूर या. पण वर्षातून एखाद्या साध्या दिवशी मुलाबाळांना घेऊन आडवाटेनेही या. गर्दीत धीर येतो, हे खरे. भीती मात्र त्या वाटेने स्वतः चालल्यावरच जाते. परतताना मावशीच सर्वांच्या पुढे चालत होत्या.

जय भीम!