एकोणचाळीस अंकांचा अभंग

170141183460469231731687303715884105727. ही संख्या सावकाश वाचावी. अंकांमागून अंक येतात, पण कुठलीच लय हाती लागत नाही. तीच द्विमान पद्धतीत लिहिली, की ओळीनं 127 वेळा एक, नुसता एक! 2 च्या 127 व्या घातातून 1 वजा केला, एवढीच तिची घडण. ही मूळ संख्या आहे, हे फ्रान्सच्या एद्वार ल्युका यांनी 1876 मध्ये हातानं आकडेमोड करून दाखवलं. पुढची पाऊणशे वर्षं माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हीच होती.

मला भारून टाकतो तो तिचा आकार नव्हे, तिला ओळखण्याची रीत. शाळेत आपण दोननं, तीननं, पाचनं भागून पाहतो. इथे वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक संख्येनं, सेकंदाला एक या वेगानं भागत बसलो, तर विश्वाचं आजवरचं वयही पुरणार नाही. ल्युकांनी त्या वाटेनं जायचंच टाळलं. तीनपासून निघायचं, वर्ग करायचा, दोन वजा करायचे, मूळ आहे का हे तपासायच्या संख्येनं भागून बाकी तेवढी ठेवायची, पुन्हा तेच. 2 चा सातवा घात वजा 1, म्हणजे 127, घेऊन पाहा: 3, 7, 47, मग 2207, त्याची बाकी 48, पुढे 16, आणि शेवटी 254, म्हणजे 127 ची नेमकी दुप्पट. बाकी शून्य. ते शून्यच ग्वाही देतं. त्या मोठ्या संख्येला हीच कृती सव्वाशे वेळा करावी लागते. एकही विभाजक शोधायला न जाता तिचं अभंगपण कळतं!

भंगणंही असंच कळतं. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी 1644 मध्ये 2 चा 67 वा घात वजा 1 ही संख्या मूळ म्हणून नोंदवली होती. ती संयुक्त आहे हे ल्युकांनी सिद्ध केलं, पण तिचे अवयव कुणालाच ठाऊक नव्हते. 193707721 आणि 761838257287 हे ते दोन अवयव अमेरिकेच्या फ्रँक कोल यांनी 1903 मध्ये मांडले. मधली सत्तावीस वर्षं ती फुटते हे माहीत होतं, कुठे फुटते हे नव्हतं. ज्ञानाची ही तऱ्हा मला फार सुंदर वाटते.

दोनचा दुसरा घात वजा एक, तीन. तिसरा घात वजा एक, सात. सातवा घात वजा एक, 127. आणि 127 व्या घातातून आपली ही संख्या. साखळीतल्या साऱ्या मूळ. पुढची कडी? तिथे सव्वाशेऐवजी जवळजवळ या एकोणचाळीस अंकी संख्येइतक्या पायऱ्या चढाव्या लागतील, आणि कुठलंही यंत्र तेवढं चालणार नाही. तरी ती कडी मूळ आहे की संयुक्त, हे आत्ताही ठरलेलंच आहे. उत्तर तिच्यापाशी आहे. ल्युकांसारखा नेमका प्रश्न तेवढा कुणीतरी शोधायला हवा.