बोधगया : अल्पदरातील खोली आणि तिचा हिशेब

सम्मेदशिखरजीची वंदना आटोपून राजगीर-पावापुरीकडे निघालेले पुष्कळ यात्रेकरू पारसनाथ स्थानकावर गाडी धरतात आणि गयेला उतरतात. गयेपासून बोधगया सुमारे 15 किलोमीटरवर आहे आणि तेथून राजगीर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. भगवान महावीर आणि गौतम बुद्ध हे समकालीन. मगध ही दोघांचीही विहारभूमी. त्यामुळे वाटेवरचे हे स्थान पाहूनच पुढे जावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. मात्र राजगीर आणि पावापुरी येथे जैन यात्रेकरूंसाठी धर्मशाळा व भोजनशाळा आहेत. त्या सवयीवर विसंबून बोधगयेत चालत नाही. तेथे जैन यात्रेकरू हा दुसऱ्याच्या तीर्थात आलेला पाहुणा असतो.

सांगलीच्या हळदपेठेत चाळीस वर्षे अडत दुकान चालवून ते मुलाच्या स्वाधीन केलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी एका डिसेंबरअखेरीस याच मार्गाने निघाले होते. पेठेत गृहस्थांना सारे अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नीला अक्का. शिखरजीची 27 किलोमीटरची वंदना पायी केल्यामुळे दोघांचेही गुडघे बोलू लागले होते. राजगीर व पावापुरी येथील धर्मशाळांना अण्णांनी आधीच कळविले होते. बोधगयेसाठी मात्र काहीच केले नव्हते. तीर्थक्षेत्री माणूस उघड्यावर राहत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

धुक्यामुळे गाडी चार तास उशिरा आली. बोधगयेत पोहोचेपर्यंत दुपारचे सव्वाचार वाजले. डिसेंबरात तेथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. सांगलीत त्या दिवसांत मावळतीला सहा वाजतात. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याच्या दिवसातून हा एक तास नकळत वजा होतो. अक्कांनी प्रथम रस्त्याकडेच्या एका पारावर डबा उघडला. दशम्या, मेतकूट आणि बरोबरचे गाळलेले पाणी एवढ्यावर दोघांचे जेवण उरकले आणि त्यानंतर निवाऱ्याचा शोध सुरू झाला.

तो काळ बोधगयेच्या ऐन हंगामाचा होता. ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत तिबेटी, सिंहली, थाई, ब्रह्मी, व्हिएतनामी अशा नाना देशींच्या यात्रेकरूंनी हे छोटे गाव भरून जाते. थंडीत तिबेटी परंपरेचे मोन्लम नावाचे प्रार्थना-सोहळे होतात, तेव्हा तर हजारो भिक्षू एकाच वेळी मुक्कामास असतात. रिक्षावाल्याने दाखविलेली दोन हॉटेले भरलेली निघाली. तिसऱ्यात एक खोली होती. पण तिचा भाव नेहमीच्या तिप्पट सांगण्यात आला. हंगामातली तेजी अण्णांना नवी नव्हती. तरीही त्यांनी घासाघीस केली आणि ती खोली डोळ्यांदेखत दुसऱ्या गिऱ्हाइकास गेली.

मग विहारांची पाळी आली. बोधगयेत जवळजवळ प्रत्येक बौद्ध देशाचा एक तरी विहार आहे आणि त्यांपैकी अनेकांच्या आवारात यात्रेकरूंसाठी साध्या खोल्या असतात. एका विहारात स्वदेशातून आलेला दोनशे जणांचा संघ उतरला होता. दुसरीकडे ओळखपत्राबरोबर कुणा संस्थेचे पत्र आहे का, अशी विचारणा झाली. तिसऱ्या ठिकाणी कार्यालयच बंद होते. दिवे लागले आणि गारठा वाढू लागला. अक्का काही बोलत नव्हत्या. पण सामानाची पिशवी त्या आता दर पन्नास पावलांवर खाली ठेवू लागल्या होत्या.

बोधगयेतील हे गाऱ्हाणे फार जुने आहे. चौथ्या शतकात सिंहलद्वीपाचा राजा मेघवर्ण याने पाठविलेल्या भिक्षूंना येथे राहण्यास धड जागा मिळाली नाही. परत गेल्यावर त्यांनी ती तक्रार राजाच्या कानी घातली. राजाने सम्राट समुद्रगुप्ताकडे नजराणा पाठवून बोधिवृक्षाजवळ विहार बांधण्याची अनुमती मागितली आणि ती मिळालीही. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाने त्या विहाराचे वर्णन केले आहे. त्या वेळी तेथे सुमारे 1000 भिक्षू राहत होते. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन याने मंदिराच्या दुरुस्तीसाठी माणसे धाडली आणि यात्रेकरूंसाठी विश्रामगृहही बांधविले. 1891 मध्ये अनागारिक धर्मपाल प्रथम बोधगयेस आले, तेव्हा त्यांना याच विश्रामगृहाने आसरा दिला. आज ज्यास आपण सहज ‘विहारातील स्वस्त खोली’ म्हणतो, तिच्या पायाशी अशी कुणाची तरी झालेली गैरसोय आणि कुणी तरी केलेले दान असते.

चौथ्या विहारात एका वयस्क भिक्षूंनी दार उघडले. दोघांना पाहून त्यांनी प्रथम आत बसविले आणि नंतर नोंदवही पुढे केली. एकच खोली शिल्लक होती : दोन लाकडी खाटा, पातळ गाद्या, मच्छरदाण्या, स्नानगृह सामाईक आणि गरम पाणी बादलीने. दर विचारला तेव्हा भंतेजींनी भिंतीलगतच्या दानपेटीकडे बोट दाखविले. ठरावीक आकार नाही, असे ते हिंदीत म्हणाले. दर नसलेल्या मालाशी कसा व्यवहार करावा, हे अण्णांना चटकन उमगेना.

भंतेजींनी भोजनाविषयी विचारले. सूर्यास्तानंतर आम्ही घेत नाही, असे अक्कांनी सांगितले. भंतेजी हसून म्हणाले, की ते स्वतः माध्यान्हानंतर घेत नाहीत. थेरवादी भिक्षूंना दुपारनंतर आहार वर्ज्य आहे. अक्का नळाच्या तोंडाशी गाळणे धरून उद्याचे पाणी भरू लागल्या, तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : भिक्षूने जवळ बाळगावयाच्या आठ वस्तूंमध्ये पाणी गाळण्याचे साधनही येते. बौद्धांचा ‘उपोसथ’ आणि जैनांचा ‘प्रोषध’ हे शब्द एकाच मुळातून निघालेले आहेत, हे अण्णांनी कधीतरी प्रवचनात ऐकले होते. त्या रात्री परक्या घरी आल्याचा संकोच बराचसा मावळला.

पहाटे दोघे महाबोधी मंदिराकडे गेले. भ्रमणध्वनी बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे आत छायाचित्रांची घाई नसते. सुमारे 50 मीटर उंचीचे शिखर धुक्यात अर्धे बुडाले होते. मागच्या बाजूस बोधिवृक्ष, त्याच्या बुंध्याशी वज्रासन आणि सभोवती चार-पाच भाषांत एकाच वेळी चाललेले पठण. कुणी फळ्यांवर साष्टांग दंडवत घालीत होते. कुणी केवळ पानाची वाट पाहत बसले होते. वृक्षाचे पान तोडत नाहीत, गळालेले तेवढे उचलतात. अण्णा-अक्कांनी एका कोपऱ्यात बसून णमोकार मंत्राचा जप केला. कुणीही त्यांना काही विचारले नाही.

विहारात परतल्यावर अक्कांच्या कानी मराठी शब्द आले. सभागृहाच्या ओवरीत सतरंज्यांवर बावीस जण बसले होते. त्यांतील बहुतेक बायका, साठीच्या पुढच्या. मध्यरात्री त्यांची बस आली होती आणि खोली नसल्याने त्यांनी रात्र तेथेच काढली होती. अक्का चौकशी करण्यास गेल्या.

“ताई, कुठल्या गावच्या तुम्ही?”

“यवतमाळकडच्या, बाई. सारनाथ, कुशिनारा करून आलो.”

“रात्री फार थंडी वाजली असेल.”

“वाजली थोडी. पण जागा भेटली, हेच खूप झालं.”

1956 मध्ये नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांसाठी बोधगया हे आयुष्यात एकदा तरी पाहावयाचे स्थान झाले आहे. या बायकांनी बचत गटातून दोन वर्षे पैसे साठविले होते. त्यांच्यातील एक वृद्धा सारखी खोकत होती. अक्कांनी आपली शाल तिच्या अंगावर घातली आणि त्या खोलीत आल्या.

“अहो, काल अडचण आपली होती, म्हणून ही खोली आपली होती,” त्या म्हणाल्या. “आज अडचण त्यांची आहे.”

अण्णांनी उत्तर दिले नाही. हॉटेलवाल्याचा तिप्पट दर त्यांना परवडत नव्हता, असे नव्हे. तो त्यांना पटला नव्हता. न पटणे आणि न परवडणे यांत अंतर आहे आणि व्यापाऱ्याला ते चांगले कळते. त्या एका खोलीत चार बायका सहज निजू शकल्या असत्या. अण्णांनी टोपी घातली आणि ते बाहेर पडले. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या होतात, हे त्यांना तेव्हा समजले. आदल्या संध्याकाळी न मिळालेली खोली दुसऱ्याच हॉटेलात, थोड्या कमी दराने मिळाली. दहा वाजता विहारातील खाटांवर यवतमाळच्या बायकांची गाठोडी आली. भंतेजींनी नोंदवहीत केवळ नावे बदलली.

बोधगयेस जाऊ इच्छिणाऱ्यांनी यातून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. थंडीच्या दिवसांत, बुद्धपौर्णिमेच्या सुमारास, तसेच गयेत पिंडदानासाठी गर्दी होते त्या पितृपक्षात आगाऊ कळविल्यावाचून जाऊ नये. उन्हाळ्यात जागा सहज मिळते, परंतु उष्मा असह्य असतो. विहारात उतरावयाचे असल्यास आधी पत्र किंवा दूरध्वनी करावा, सरकारी ओळखपत्राच्या प्रती बरोबर ठेवाव्यात आणि दुपारी दोनपूर्वी पोहोचावे. रात्री दरवाजा लवकर बंद होतो, हेही विचारून घ्यावे. सर्वच विहारांचे स्वयंपाकघर शाकाहारी असते, असे गृहीत धरू नये. गावातील लिट्टी-चोख्यात बटाटा, लसूण असतो. तेव्हा दही-चुडा, फळे आणि घरचा कोरडा खाऊ यांवर एक-दोन दिवस निभावण्याची तयारी असावी. गयेचा तिळकूट मात्र आवर्जून घ्यावा. त्या थंडीत तो ताजा मिळतो. आणि केवळ पाहून जावयाचे असेल, तर मुक्काम राजगीरच्या धर्मशाळेत ठेवून पहाटे निघावे व संध्याकाळी परतावे, हा सर्वांत सोपा मार्ग होय.

परंतु खोली स्वस्त का आहे, याचाही विचार अवश्य करावा. धार्मिक न्यासाच्या आवारातील, दिवसाला 1000 रुपयांहून कमी आकाराच्या खोल्यांना वस्तू व सेवा करातून सूट मिळते. म्हणजे शासनही त्यांना निव्वळ धंदा मानत नाही. खोलीचा खरा खर्च आणि पाहुण्याने दिलेली रक्कम यांतील तूट कुणीतरी भरत असतो. जैन धर्मशाळेत ती कुणा दात्याच्या नावाची शिळा भरते. विहारात ती दूरदेशीच्या एखाद्या शेतकऱ्याने टाकलेले नाणे भरते.

व्यापाऱ्यांना तर ही गोष्ट नवी नसावी. बुद्धांना बोधीनंतर प्रथम आहार देणारे तपुस्स आणि भल्लिक हे मार्गस्थ व्यापारीच होते. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने भिक्षूंसाठी एका दिवसात साठ निवास उभारल्याची कथा बौद्ध विनयग्रंथांत आहे. ते निवास त्याने चारी दिशांनी आलेल्या आणि पुढे येणाऱ्या संघाला अर्पण केले. ‘पुढे येणाऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याचे तोंडही पाहिलेले नाही, त्याच्यासाठी जागा राखणे हेच धर्मशाळेचे तत्त्व होय.

विहार सोडताना अण्णा दानपेटीपुढे थोडा वेळ उभे राहिले होते. चादरी धुण्याचा खर्च, पाणी तापविण्याचा, झाडणाऱ्याचा पगार, इमारतीची झीज असा आकडा त्यांनी मनातल्या मनात मांडला. तो 600 रुपयांच्या आत येईना. त्यांनी पेटीत 1101 रुपये टाकले.

सांगलीला परतल्यावर मुलाने प्रवासाचा हिशेब उतरवून घेतला. हॉटेलचे सारे पैसे प्रवासखर्चात होते. विहारातील रकमेपैकी 600 रुपये प्रवासखर्चात आणि 501 रुपये धर्मादाय खात्यात लिहिलेले पाहून त्याने विचारले, “अण्णा, एका रात्रीची दोन खाती कशी?”

“600 रुपये आपल्या झोपेचे,” अण्णा म्हणाले. “उरलेले आपल्यामागून येणाऱ्याच्या.”

मुलाने दोन्ही नोंदी तशाच ठेवल्या.