रामटेकचीं जांभळें

नागपूर सोडून पुण्यास आल्यास मला पन्नास वर्षें होऊन गेलीं. या अवधींत काशी झाली, रामेश्वर झालें, चिरंजीवांच्या नोकरीनिमित्त बंगळूरही पाहून झालें. परंतु ज्या महालांत माझा जन्म झाला तेथें पुनः पाऊल टाकण्याचा योग आला नाहीं. योग आला नाहीं, हें म्हणणें सोयीचें आहे. खरें पाहतां तो मींच येऊं दिला नाहीं. १९७४ सालीं वाड्याच्या वांटणीवरून वडील आणि काका यांचें बोलणें तुटलें. वडिलांनीं हिस्सा घेऊन पुणें जवळ केलें. पुढें काका वारल्याची तार आली, तेव्हां वडील गेले नाहींत म्हणून मीही गेलों नाहीं. त्या वेळीं मी अजाण नव्हतों. शाळेंत मास्तर होतों आणि त्याच आठवड्यांत वर्गाला भरतभेट शिकवीत होतों.

नुकत्याच सरलेल्या मार्गशीर्षांत काकूंचा फोन आला. नव्वदीला टेकलेल्या काकू फोनवर फार बोलत नाहींत. “संक्रांतीनंतर वाडा पाडून राहिले बावा. पाहायचा असला तर येऊन जा,” एवढेंच त्या म्हणाल्या.

आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें अशीं सहा माणसें निघालों. नव्या समृद्धी महामार्गानें मोटारीनें जावें असा सूनबाईंचा विचार होता. परंतु नागपुरास आगगाडीनेंच जावें हा माझा हट्ट सर्वांनीं, जरा कुरकुरत कां होईना, पुरविला. मनमाड, भुसावळ झोपेंतच गेलीं. उजाडतां उजाडतां बडनेरा आलें. पुढें दुतर्फा कापसाचीं शेतें, बोंडें फुटून पांढरीं झालेलीं! वऱ्हाडचा तो पांढरेपणा दिसला, आणि आतां परत फिरतां येत नाहीं असें मनाला लागून गेलें.

नातवंडांना मीं नागपूरचा इतिहास सांगण्याचा प्रयत्न केला. गोंड राजा बख्तबुलंद यानें हें शहर वसविलें, भोसल्यांनीं तें राजधानीचें केलें, स्टेशनाजवळच्या सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्यें आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशीं लढाई झाली, आणि १९५६ पर्यंत हें एका प्रांताच्या राजधानीचें शहर होतें. नातवाचें लक्ष मात्र २०१९ सालीं सुरू झालेल्या मेट्रोकडे होतें. माझेंही पुढें इतिहासांत राहिलें नाहीं. आम्ही ज्यास शुक्रवारी तलाव म्हणत असूं तो गांधीसागर दिसला, आणि जीभच उचलेना.

वाडा माझ्या आठवणीपेक्षां लहान निघाला. चौकांतील तुळशीवृंदावन होतें, माडीच्या कठड्याचे दोन गज आम्हीं मुलांनीं वांकविले होते ते तसेच वांकडे होते. काकूंनीं उंबरठ्यावर भाकरतुकडा ओंवाळून टाकला, माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिलें आणि म्हणाल्या, “म्हातारा झालास रे.” वांटणी, काका, तार, यांपैकीं एकही शब्द निघाला नाहीं. पानें मांडलेलीं होतीं. गोळाभात, वरून हिंगाची फोडणी घातलेलें तेल, आणि सांबारवडी. सांबारवडी ऐकून धाकट्या नातीला मद्राशी सांबार डोळ्यांसमोर आलें. नागपुरांत सांबार म्हणजे कोथिंबीर हें कळल्यावर तिनें चार वड्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशीं रामटेकास गेलों. नागपूरच्या ईशान्येस सुमारें ५० किलोमीटरांवर हें क्षेत्र आहे. काकूंना पायऱ्या चढवत नाहींत म्हणून त्या घरींच राहिल्या. खालीं अंबाळा तलाव, वर रामाचें देऊळ, आणि वाटेवर प्रसादाच्या पिशव्यांवर टपलेलीं काळतोंडीं वानरें. वाकाटकांची महाराणी प्रभावतीगुप्ता ही चंद्रगुप्त द्वितीयाची कन्या. पतीच्या निधनानंतर मुलें लहान असतां तिनें राज्य चालविलें. तिचा ऋद्धपूर येथें सांपडलेला ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. या टेकडीवरील केवल नरसिंहाचें जुनें देऊळही वाकाटककालीनच. मेघदूतांतील यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो कोणता, याविषयीं मतभेद पुष्कळ. मल्लिनाथानें चित्रकूट म्हटलें, कोणी सरगुजांतील रामगढ म्हणतात. परंतु नागपूरचे पंडित महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तो मान रामटेकास दिला, आणि नागपूरकरास दुसरें मत मानवत नाहीं. माझेंही मत तेंच आहे. त्याचें कारण मात्र विद्वत्तेचें नाहीं.

कारण असें. आठ वर्षांचा असतांना, १९६८ सालच्या आषाढाच्या पहिल्या दिवशीं, मी या टेकडीवर उभा होतों. ढग इतके खालीं आले होते कीं समोरचा डोंगर अर्धा नाहींसा झाला होता. शेजारीं वडील होते. त्यांनीं मेघदूताचा पहिला श्लोक सावकाश म्हटला व माझ्याकडून तीनदां म्हणवून घेतला. संस्कृताची गोडी मला त्या क्षणीं लागली. पुढचें माझें सारें आयुष्य त्या श्लोकावर उभें आहे. वर्गांत मेघदूताचा विषय निघाला कीं ही हकीकत मी सांगत असें, आणि त्या दिवशीं कठड्याशीं उभें राहून नातवंडांनाही सांगितली. “तुमच्या पणजोबांनीं येथेंच मला...” असें म्हणतांना गळा दाटून आला, हें कबूल करतों.

रात्रीं नातीनें ती हकीकत काकूंना जशीच्या तशी ऐकविली. काकू वाती वळीत होत्या. हात न थांबवितां म्हणाल्या, “कोण, भाऊजी? ते तर त्या साली चांद्याला होते, बदलीवर. दिवाळीपर्यंत आले नव्हते. तुला यांनी नेलं होतं.”

मीं म्हटलें, “नाहीं काकू, मला चांगलें आठवतें.”

“तुला श्लोक आठवत असेल. मला सदरा आठवतो. जांभळं खाऊन पुरा रंगवून आणला होतास. मी धुऊन धुऊन थकली.”

मग त्या उठल्या आणि फडताळांतून काकांच्या जमाखर्चाच्या वह्या घेऊन आल्या. काका पै-पैचा हिशेब ठेवीत. वांटणीच्या भांडणांत वडिलांनीं याच वह्यांना नांवें ठेवलीं होतीं. काकूंना दिसत नाहीं, म्हणून सूनबाईंनीं तारीख शोधली. काकांच्या बारीक बाळबोध अक्षरांत लिहिलें होतें: आषाढ शुद्ध प्रतिपदा, इतवारी ते रामटेक, दीड तिकीट, जाऊन येऊन. त्याखालीं जांभळें, १० पैसे. त्याखालीं, रकान्यांत रक्कम न घालतां, पुतण्यास श्लोक पाठ झाला.

चष्मा पुसून ती ओळ मीं स्वतः वाचली. कोणी कांहीं बोललें नाहीं. नातू तेवढा म्हणाला, “म्हणजे आजोबा, तुम्ही शाळेंत सगळ्यांना चूक सांगितलंत?” त्याच्या आईनें त्याला दटावलें, मीं दटावलें नाहीं.

पुष्कळ वेळानें मीं काकूंना म्हटलें, “काका गेले तेव्हां मी यावयास हवें होतें.”

“हो, हवं होतं,” काकू म्हणाल्या, आणि पुढची वात वळूं लागल्या. थोड्या वेळानें वहीवर बोट ठेवून विचारलें, “हे जांभळांचे दहा पैसे तुझ्याकडून येणं आहेत, नाही का?”

मीं खिशांतून दहा रुपयांची नोट काढून वहीवर ठेवली. काकूंनीं ती चांचपून पाहिली व परत माझ्याकडे सरकविली. “एवढे नको. दहाच पैसे आण. तू स्वतः घेऊन ये.”

तें नाणें २०११ सालींच चलनांतून गेलें. पुण्याच्या जुन्या बाजारांत शोधल्यास मिळेल, असें चिरंजीव म्हणतात. संक्रांतीस अजून तीन आठवडे आहेत. परतीचें तिकीट काढून ठेवलें आहे, या वेळीं एकट्याचें.