अस्तनीतला निखारा

विश्वासाने जवळ बाळगलेला माणूस उलटला, की मराठी भाषा त्याला ‘अस्तनीतला निखारा’ म्हणते. कोणी ‘अस्तनीतला साप’ असेही म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला अर्थात काही फरक पडल्यासारखे वाटत नाही. निखारा आणि साप यांची ही अदलाबदल भाषेने किती सहज करून टाकली आहे! इसापाच्या नावावर चालत आलेल्या कथेतील शेतकरी हिवाळ्यात गारठलेला साप उचलून छातीशी धरतो. ऊब मिळताच साप हुशारतो आणि त्यालाच डसतो. आपल्याकडे ‘सापाला दूध पाजणे’ या वाक्प्रचारानेही तेच सांगितले आहे. सर्वत्र तात्पर्य एकच : देणारा निर्दोष, घेणारा कृतघ्न.

वेलुक जातकाचेही तात्पर्य वरवर पाहता हेच आहे. हिमालयातील एका तापसाने सापाचे एक पिल्लू वेळूच्या पेरात ठेवून पोटच्या मुलासारखे वाढविले. वेळूत राहणारा म्हणून ते पिल्लू ‘वेलुक’, आणि म्हणून तापस ‘वेलुकपिता’. गुरूने सावध केले, ते त्याने ऐकले नाही. पुढे फळे आणण्यासाठी तो इतरांबरोबर रानात गेला व दोन-तीन दिवस तिकडेच राहिला. परत येऊन त्याने मोठ्या मायेने पेरात हात घातला, आणि भुकेने चवताळलेल्या सापाने तो डसला. गुरूचा उपदेश सापाच्या जातीवर बोट ठेवतो. कथेतील तपशील मात्र निराळेच काही सुचवितो. साप कोंडलेला होता, उपाशी होता, आणि त्याच्या पित्याला त्याचे स्मरण राहिले नव्हते.

ही जुनी कथा आज एखाद्या काचेच्या पेटीपाशी पुन्हा आठवावी, अशी परिस्थिती आहे. भिलाईला लागून असलेले जामुल घ्या. हा सारा परिसर उष्णतेवर उभा राहिलेला. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. जामुलचा सिमेंट कारखाना १९६५ पासूनचा. चुनखडीचे क्लिंकर होण्यासाठी भट्टीतला माल १४५० अंशांच्या आसपास तापवावा लागतो. समजा, अशा गावातील एखाद्या मराठी घरात नातवाने बॉल पायथन जातीचा अजगर पाळला आहे. देशी साप घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. नाग असो वा धामण, त्यांची जागा रानातच. बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला. मात्र तो आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या सूचीत असल्याने, २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे. पौषातली रात्र आहे. ‘‘आजी, हा अगदी गारठलाय गं,’’ नातू म्हणतो. ‘‘मग अंथर की बाबा त्याच्याखाली ती तुझी गरम चटई,’’ आजी म्हणते. दोघांच्याही मनात निव्वळ दया आहे. धोका सुरू होतो तो येथूनच.

सापाला स्वतःच्या देहात फारशी उष्णता निर्माण करता येत नाही. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. गिळलेले भक्ष्य पचणेसुद्धा तिच्यावरच अवलंबून असते. म्हणून ऊब हवी, हे खरेच. परंतु विजेची ही चटई, अर्थात हीट मॅट, नियंत्रणावाचून चालू ठेवली तर सापाला भाजण्याइतकी तापू शकते. आणि तापलेल्या जागेवरून साप वेळेत बाजूला होतोच असे नाही. निसर्गाची विसंगती पाहा : या अजगराच्या ओठांवर अशा खाचा असतात, की काळोखात उंदराच्या अंगची ऊबही त्यांना कळते, आणि तोच प्राणी पोटाखालच्या चटईवर स्वस्थ पडून राहतो, पोटावरचे खवले लाल होतात, फोड येतात. कथेत ऊब देणारा मरतो. येथे ऊब घेणारा भाजतो. निखारा अस्तनीत ठेवला जातो तो सापाच्या.

यावरचे उपाय साधे आहेत. चटई पेटीच्या बाहेरून, तळाच्या एकाच टोकाला, फार तर एक-तृतीयांश भागाखाली लावावी. खाली हवा खेळेल इतकी फट ठेवावी. थर्मोस्टॅटवाचून ती कधीही चालू करू नये, आणि त्याचा संवेदक चटईच्या तापमानाशी निगडित राहील असा पक्का बसवावा. तो सरकला, की यंत्र आंधळे होते. उबदार टोक ३१-३२ अंश, थंड टोक २५ ते २७ अंश, आणि दोन्हीकडे दडायला जागा. हाताने अंदाज घेणे फसवे. तापमापक रोज पाहावा. वायरीला पाणी लागू देऊ नये. भट्टीच्या गावी चार-पाच अंशांचा हिशेब तो काय, असे वाटेल. परंतु सापाचे सुखदुःख त्या चार-पाच अंशांतच सामावलेले असते.

शिवाय ही चटई थंड देशांतल्या घरांसाठी घडलेली वस्तू आहे. जामुलमध्ये ती शब्दशः उतरवून चालत नाही. वैशाखात खोलीच चाळिशीला टेकली, की चटई बंद करून गारवा शोधावा लागतो. आपल्या रानात हा अजगर उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत आसरा घेतो. नागपंचमीला ज्या वारुळाची आपण पूजा करतो, त्याचे मर्म हेच, की आत सापाला अधिक उबेकडे वा अधिक गारव्याकडे स्वतःहून सरकता येते. पेटीतही त्याला नेमके हेच द्यावयाचे असते. दया उष्णतेत नाही. ती तिच्यापासून दूर होण्याच्या मुभेत आहे.

वेलुकपित्याचे वात्सल्य खोटे नव्हते. पण वेळूच्या पेराला तोंड एकच होते, आणि ते उघडणे सर्वस्वी त्याच्या हाती होते.