कोटितीर्थाच्या कांठीं

पन्नाशी उलटलेल्या बालमैत्रिणी एकत्र जमल्या म्हणजे त्यांना देवदर्शनापेक्षां गप्पांचीच ओढ अधिक असते, हें आमच्या अंबाबाईनेंही एव्हांना ओळखलें असेल. २०२५ च्या जानेवारींत पुण्याची, बेळगांवची व नागपूरची अशा तिघीजणी माझ्याकडे उतरल्या. पहांटे देवीची ओटी भरून झाली, आणि घरीं परतल्यावर चहाचा पेला हातांत घेतां घेतां पुणेकरीण म्हणाली, “अग, तुझ्या कोल्हापूरला कलापूर म्हणतात ना? मग आज तें दाखव. मिसळ आणि चपला आम्हांला ठाऊक आहेत.”

हें तिनेंच म्हणावें यांत नवल नव्हतें. शाळेंत असतांना चित्रकलेचे मास्तर तिची वही साऱ्या वर्गांतून फिरवीत. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षांत तिला वरची श्रेणी मिळाली होती. पुढें बँकेंतील नोकरी, लग्न, सासूबाईंचें लांबलेलें दुखणें यांत तिचा कुंचला केव्हां सुटला तें आम्हांला कळलेंही नाहीं. असल्या गोष्टी मैत्रिणी विचारीत नाहींत. आज भाजी कसली केलीस हें मात्र नेमानें विचारतात.

पहिल्यानें आम्ही टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत गेलों. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरील उत्खननांत सांपडलेली, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची चिमुकली कांस्यमूर्ति तेथें आहे. समुद्रापासून इतक्या दूर, पंचगंगेच्या तीरीं, हा परका देव कोणा व्यापाऱ्याच्या गांठोड्यांतून आला असेल, या विचारांत नागपूरकरीण रंगून गेली. पुणेकरीण मात्र आबालाल रहिमान यांच्या चित्रांपुढून हलेना. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून हा चित्रकार आपल्या गांवीं परतला, शाहूमहाराजांच्या आश्रयास राहिला, आणि कोटितीर्थाच्या कांठीं एकान्तांत बसून तेंच तळें, तींच झाडें, तोच सकाळसंध्याकाळचा उजेड जन्मभर रंगवीत राहिला. तिनें चष्मा काढला, पदरानें पुसला, पुन्हां लावला. “पाण्यावरचा हा उजेड पाहिलास? येथें रंग नाहींच. कागद तसाच कोरा सोडला आहे.”

चित्राविषयीं तिच्या तोंडून निघालेलें वाक्य मीं कित्येक वर्षांनीं ऐकत होतें.

दुपारीं जेवणें आटोपून आम्ही खरी कॉर्नरला गेलों. तेथें चौकांत एका कॅमेऱ्याचें स्मारक आहे. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवितां रंगवितां बाबूराव पेंटरांना हलत्या चित्रांचें वेड लागलें. विलायती कॅमेऱ्यावांचून अडून न बसतां त्यांनीं सहकाऱ्यांच्या मदतीनें तो येथेंच घडविला, आणि १९२० सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल पुरविलें तें तानीबाई कागलकर या गायिकेनें. ही गोष्ट मी आल्यागेल्याला मुद्दाम सांगतें, कारण पैसे देणाऱ्या बायकांचीं नांवें असल्या इतिहासांतून सहसा गळून जातात. “मग तो ‘सैरंध्री’ कोठें पाहावयास मिळेल?” बेळगांवकरणीनें विचारलें. तो आतां उपलब्ध नाहीं, असें मला सांगावें लागलें.

तेथून खासबागेकडे. शाहूमहाराजांनीं बांधविलेलें, १९१५ सालीं पॅलेस थिएटर या नांवानें सुरू झालेलें आणि मागाहून केशवराव भोसल्यांचें नांव लाभलेलें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दुसऱ्या दिवशीं केशवरावांची जयंती होती. वडिलांच्या मांडीवर बसून मीं पहिलें संगीत नाटक येथेंच पाहिलें; नाटक कोणतें तें आठवत नाहीं, पण पडदा वर जातांना वडिलांनीं माझा हात दाबला होता तें आठवतें. काळवंडलेल्या दगडी भिंतीकडे पाहत मी हें सांगत होतें, तोंच नागपूरकरीण सहज बोलून गेली, “बाई, तूं जेथें जेथें नेतेस तेथें जें उरलें नाहीं तेंच दाखवितेस.”

मला तें लागलें. यजमानपणाच्या भरांत आपल्या गांवाचें वैभव सांगावें आणि पाहुणीनें असा हिशेब मांडावा! शिवाय तो खोटा नव्हता. मी घुश्शांतच सर्वांना रिक्षांत घातलें आणि कोटितीर्थाला नेलें.

ऊन उतरलें होतें. शाहू मिलच्या बाजूचें हें तळें चित्रांतल्याइतकें निर्मळ नाहीं हें मी आधींच सांगून टाकलें. आणि मग, राग गेला नव्हता म्हणून असेल, तीही दंतकथा सांगितली: १९२२ सालीं महाराज वारले तेव्हां आबालालांनीं शोकानें आपलीं असंख्य चित्रें याच पाण्यांत सोडून दिलीं, असें कोल्हापुरांत म्हणतात.

कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें पुणेकरीण म्हणाली, “माझीं अकरा किलो भरलीं.”

आम्हांला उमगेना.

“घर बदललें तेव्हां. दोन ट्रंका होत्या. जाड कागदाला भाव कमी येतो म्हणून रद्दीवाला कुरकुरत होता.” तिनें पायरीवरचा खडा उचलला व तसाच हातांत ठेवला. “याचा धनी गेला म्हणून यानें टाकलीं. माझें तर कोणी गेलेंही नव्हतें ग. नव्या घरांत जागा नव्हती, एवढेंच.”

तिच्या पाठीवर हात ठेवावा असें मनांत आलें, पण तो मीं ठेवला नाहीं. शाळेपासून तिला तसलें कांहीं आवडत नाहीं. “हें तळें कधीं उपसलें आहे का?” तिनें विचारलें. मला उत्तर देतां आलें नाहीं.

बेळगांवकरणीची गाडी साडेसातची होती. ती रिक्षावाल्याला हांका मारूं लागली. पुणेकरीण मात्र पायरीवरून उठली नाहीं. एक डोळा मिटून, अंगठा पुढें धरून ती समोरच्या झाडाची सावली मापीत होती.

“लांब वाटली होती मला चित्रांत,” ती म्हणाली. “तशी नाहीं. आहे तेवढीच काढली आहे त्यानें.”